चार बोटं की वीत

युसुफभाई, तुम्ही घासाघीस केली नाहीत, तिथेच मला कळायला हवं होतं.

बावीस वर्षं कळंबोलीत आपल्या दोन शेडच्या मधे एकच पत्र्याची भिंत होती. अलीकडे माझं दुकान, मोडीत निघालेल्या गाड्यांचे कापून आणलेले दरवाजे, मडगार्ड, बॉनेट. पलीकडे तुमचं वेल्डिंग. सडलेली गाडी तुमच्याकडे यायची, तुम्ही सडका भाग कापून काढायचात, माझ्याकडून तसाच तुकडा घ्यायचात आणि जोडायचात. या बावीस वर्षांत मी सांगितलेली तारीख तुम्ही एकदाही सरळ मान्य केली नाहीत. मी पंधरा दिवस म्हणायचे, तुम्ही दीड महिना. मग चहा यायचा. मी उठून जायचं नाटक करायचे, तुम्ही "जा, जा, येताना पाव आण" म्हणायचात, आणि शेवटी महिन्यावर तुटायचं.

या खेपेला विचुंब्याच्या जोशीकाकांची जुनी मोतिया रंगाची गाडी घेऊन मी आले. म्हटलं, "पाडव्याला त्यांना बायकोला गाडीतून फिरवायचंय. लग्न झालं तेव्हाची गाडी हाय. दिवाळीच्या आत पायजे."

तुम्ही खडू कानामागे अडकवलात. "ठीक आहे, बाय. होऊन जाईल."

झालं. एवढंच. मी घरी कामोठ्याला जाऊन सुनेला सांगितलं, आज युसुफभाईंना वाकवलं म्हणून. वर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बाजारात पहिल्या वर्षी शिकले होते मी हे. जो भाव करत नाही, त्याला एक तर माल नको असतो, नाहीतर त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो. भलभलत्या लोकांचे चेहरे वाचून मी धंदा केला. बावीस वर्षं समोर बसलेल्या माणसाचा तेवढा वाचला नाही. आणि हा राग मी माझ्यावर का काढू? तुम्ही लपवलंत म्हणून मला दिसलं नाही.

आता लोक शेडवर येतात आणि तुमच्याबद्दल गोड बोलतात. देवमाणूस होते म्हणतात. कोण होता तो देवमाणूस, मला काही भेटला नाही. मला भेटला तो हट्टी, तिरसट, स्वतःच्या पत्र्यापुढे कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. त्या देवमाणसाशी मला काही बोलायचं नाही. त्या दुसऱ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

आठवतं का, मी पहिल्यांदा हातगाडीवरून दोन मडगार्ड घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुठली गं तू?" मी सांगितलं, बाप मिठागरात होता, आई मिठागरात होती, मी पण चौदा वर्षांची होईपर्यंत तिथेच होते. पायांच्या भेगा बघून तुम्ही हसलात. "मिठाची पोर आणि लोखंडाचा धंदा? अगं, मीठ लोखंडाला खातं."

"म्हणून तर माजा धंदा चालनार हाय," मी म्हणाले.

तेव्हा तुम्ही पहिला चहा पाजलात. तो चहा मी विसरलेले नाही. पण त्यानंतर जे सुरू केलंत तेही विसरलेले नाही.

आपलं ठरलेलं होतं ते. गाडी आली की तुम्ही हातोडीच्या बारक्या टोकाने पत्रा वाजवत जायचात. जिवंत पत्रा टणकन बोलतो. सडका पत्रा थड करून गप्प बसतो. जिथे आवाज बदलेल तिथे, दिसणाऱ्या सडक्या काठापासून बहुधा एक वीत वर, तुम्ही खडूची रेघ मारायचात. म्हणजे इथून कापायचं. मी यायचे, पदराने ती पुसायची आणि चार बोटांवर दुसरी मारायची. कारण उघड आहे. एका मोडक्या गाडीतून दरवाजाखालची पट्टी एकच निघते. तुम्ही वीत वीत कापत सुटलात तर माझा अख्खा तुकडा एका गाडीत जातो. चार बोटांत भागलं तर त्याच तुकड्यात दोन गिऱ्हाइकं होतात.

"चार बोटं बास."

"वीत."

"सहा बोटं घ्या आनि गप बसा."

"बाय, मेलेल्या पत्र्याला टाका लागत नाही. ज्योत लावली की भोक पडतं. भोकाला टाका मारायला गेलं की मोठं भोक पडतं. जिथे जिवंत आहे तिथपर्यंत जावंच लागतं."

मग मी हातोडी हिसकावून घ्यायची आणि स्वतः वाजवायची. मुद्दाम जोरात, म्हणजे सगळंच टणकन वाजावं. तुम्ही भिंतीला टेकून विडी ओढत बघायचात. "वाजव, वाजव. बहिऱ्यालाही ऐकू येईल असं वाजव." शेवटी रेघ वितीवरच यायची. बावीस वर्षांत मी चार बोटांचा सौदा एकदाही जिंकले नाही.

आणि ते चुंबक.

ते तर मी मरेपर्यंत माफ करणार नव्हते. आता तुम्ही मधेच गेलात, म्हणजे माझी पंचाईत. तेव्हा मी जुन्या गाड्या घ्यायचे, थोडं ठाकठीक करून विकायचे. एका गाडीची दरवाजाखालची पट्टी सडलेली होती. मी तिच्यावर लांबी लावली, म्हणजे रंगारी खड्डे बुजवायला लावतात ती पुट्टी, घासून गुळगुळीत केली आणि वर झकास रंग. सगळेच करत होते. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक दरवाजा वाजतोय म्हणून नेमकं तुमच्याकडे आलं. तुम्ही त्याला काहीतरी सांगून वाटेला लावू शकला असतात. मला हळूच बोलावू शकला असतात. तुम्ही खिशातून चुंबक काढलंत आणि माझ्यासमोर, त्याच्यासमोर, चहावाल्यासमोर त्या पट्टीला लावलंत. चुंबक खाली पडलं. परत लावलंत. परत पडलं.

"इथे लोखंड नाही," तुम्ही म्हणालात. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मी ते चुंबक उचललं आणि गटारात टाकलं.  दुसऱ्या दिवशी तुमच्या खिशात दुसरं होतं. गाडी मला परत घ्यावी लागली. ती पट्टी कापून तुम्हीच नवीन बसवलीत, विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि मी पाच महिने तुमच्याशी बोलले नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आपण चहावाल्यामार्फत निरोप पाठवत होतो. "मंदाबायला सांग, मडगार्ड डाव्या बाजूचं पाहिजे." "युसुफभाईंना सांग, डोले असतील तर बघा, डावंच दिलंय."

आता ऐका. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही आणि तुम्ही असतात तर आजही सांगितलं नसतं. त्यानंतर गाडी विकताना मीच गिऱ्हाइकाच्या हातात चुंबक द्यायला लागले. "लावून बघा, साहेब. कुठे बी लावा." नव्या पनवेलपासून पार उरणपर्यंत माझं नाव झालं ते या चुंबकाने. लोक विचारतात, काकी, ही युक्ती कुणाची? मी म्हणते, माझी. इतकी वर्षं म्हणत आले. तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू जात होतं, हेही मला माहीत होतं. एकदा तरी खोकायचं होतंत.

तर जोशीकाकांची गाडी.

उजवी बाजू तुम्ही सुरेख केलीत. काठाला काठ लावून, मधे करवतीच्या पात्याएवढी फट, पत्र्यावर पत्रा कुठेही नाही. मग डाव्या बाजूला हात घातलात. दरवाजाखालची पट्टी दिसायला साधी, पण अख्खी गाडी तिच्यावर तोललेली असते. म्हणून ती कापायच्या आधी तुम्ही दरवाजांच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरके जोडलेत, मोडलेल्या हाताला कामट्या बांधतात तसे. मग सडकी पट्टी कापून बाजूला टाकलीत. आणि दुसऱ्या दिवसापासून गायब.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. फोन बंद. शेडला कुलूप नाही, गाडी ठोकळ्यांवर तशीच. मला वाटलं, कुणीतरी मोठं काम दिलंय आणि माझी गाडी टांगणीला लावून तुम्ही तिकडे पळालात. माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. रोडपालीचं एक गिऱ्हाईक इंजिन टांगायला अँगल मागत होतं. ते अँगल माझेच होते, माझ्या ढिगातले. मी ग्राइंडर घेतला आणि चारही कापून त्याला देऊन टाकले. म्हटलं, येऊ दे म्हाताऱ्याला, बघू दे.

आवाजसुद्धा झाला नाही, युसुफभाई. मी संध्याकाळी सहज दरवाजा लावायला गेले, तर तो वरच्या कोपऱ्यात चौकटीवर अडला. मी जोर लावला. नाही लागला. गाडी मधे बसली होती. फार नाही, अर्धं बोट. पण अर्ध्या बोटाने दरवाजा लागत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत.

पाचव्या दिवशी तुम्ही आलात. ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्याला मफलर. मी भांडण तयार ठेवलं होतं, पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं. तुम्ही दरवाजावर हात ठेवलात, वरच्या कोपऱ्यात बोट फिरवलंत.

"अँगल कुठे आहेत?"

"दिले."

तुम्ही ठोकळ्यावर बसलात. मी वाट बघत होते. तुमचा आवाज चढला की माझा चढणार होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "आण परत."

ओरडायचं होतंत. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी शंभर टक्के चूक होती, आणि तुम्ही ओरडला नाहीत. हा काय न्याय झाला? ओरडला असतात तर मला कळलं असतं की सगळं ठीक आहे. मी रोडपालीला जाऊन, त्या माणसाच्या हातापाया पडून अँगल परत आणले. मंदा कुणाच्या पाया पडली, हे त्या बाजूला अजून सांगतात.

मग दोन दिवस तुम्ही ती गाडी उचललीत. जॅक एवढासा चढवायचा, थांबायचं, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सुतळी लावून बघायचं, परत एवढासा. मी म्हटलं, "एकदम चढवा ना, किती टाइम घालवता."

"पत्र्याला घाई सांगायची नाही, बाय. त्याला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मर्जीने आलो."

दोन दिवस. तेवढ्यात डावी बाजू पुरी झाली असती. ते दोन दिवस मी तुमच्याकडून घेतले आणि तेव्हा मला त्यांचा भाव माहीत नव्हता. माल काय आहे ते न सांगता सौदा केलात तुम्ही. याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात.

तिसऱ्या दिवशी नवी पट्टी बसवलीत, पाच टाके मारलेत. मग खडू घेऊन त्या पट्टीवर आकडे लिहायला बसलात. एक पुढच्या टोकाला, दोन मागच्या टोकाला, तीन मधे, चार परत पुढे. असे चौदा. टाके ओळीने मारत गेलं की आच एका जागी साठते आणि पत्रा लाट घेतो, म्हणून एक इथे, एक तिथे. हे तुमच्या हाताला पाठ होतं. आकडे लिहिताना मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

"शाळा काढली काय?" मी विचारलं.

"आताशा विसरायला होतं."

मी विश्वास ठेवला. मागच्या चाकाजवळचा कोपरा अजून कापायचा राहिला होता. तिथे तुमची वितीची रेघ होती. मी सवयीने ती पुसली आणि चार बोटांवर मारली. तुम्ही बघितलंत. हातोडी उचललीत, आणि तुमच्या खिळ्यावर न अडकवता भिंतीच्या अलीकडे, माझ्या खिळ्यावर अडकवलीत.

"इथे ठेवतो," म्हणालात.

मी म्हटलं, जिंकले. बावीस वर्षांनी चार बोटं.

तुम्ही गायब झाल्यापासून आठव्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी तुमच्या घरी भाभींपाशी बसले. कोपऱ्यात औषधांची एक पूर्ण पिशवी होती. मी विचारलं, हे कधीपासून? भाभी म्हणाल्या, "गणपतीच्या आधीपासून. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं, काही उरलं नाही म्हणून."

"आनि मना नाय सांगितलं?"

"कसम घातली होती त्यांनी. म्हणाले, मंदाला सांगू नका. ती डॉक्टरशी भाव करत बसेल."

केलाच असता. का नाही करायचा? त्याने दोन महिने म्हटलं असतं, मी सहा मागितले असते, उठून गेले असते, परत आले असते, चारावर तोडलं असतं. तुम्ही मला प्रयत्न करू दिला नाहीत. माझ्या एका पट्टीवरची लांबी तुम्हाला चालली नाही. चारचौघांत चुंबक लावलंत. आणि स्वतःच्या सडलेल्या छातीवर मफलर गुंडाळून, रंग मारून माझ्यासमोर उभे राहिलात. माझ्याकडे चुंबक होतं, युसुफभाई. मी लावलं नाही, कारण मला वाटलं, हा माणूस आतबाहेर लोखंड आहे.

तिथे भाभींसमोर मी रडले नाही. घरी येऊन भांडी घासली. सून म्हणाली, आई, ती घासलेलीच आहेत.

गाडी तशीच ठोकळ्यांवर होती. पाच टाके झालेले, नऊ आकडे उरलेले. जोशीकाका आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "राहू द्या, मंदाताई. पुढच्या वर्षी बघू." मला ते सहन झालं नाही. मी कामोठ्याच्या भगवान वेल्डरला बोलावलं. तो तुमच्यामाझ्यापेक्षा लहान, पण हात बरा आहे, आणि जीभ हातापेक्षा लांब.

त्याने बघितलं आणि म्हणाला, "आवो काकी, कशाला एवरा खटाटोप? पत्र्यावर पत्रा मारू, वर लांबी, वर रंग. कोनाला कललं? दोन दिसांत गारी भायेर."

मी कनवटीचं चुंबक काढून त्याच्या हातात दिलं. "याला कललं."

मग आम्ही तुमच्या आकड्यांनी काम केलं. सहा. आच उतरवायला ओला फडका मी धरला. थांबलो. सात, दुसऱ्या टोकाला. थांबलो. भगवान वैतागला, "टाका येक मिनटाचा आनि वाट अर्ध्या तासाची."

"पत्र्याला घाई सांगायची नाय."

"काकी, तुमी तं युसुफचाचांसारक्या बोलाया लागल्यात."

"गप टाका मार."

चौदा झाले तेव्हा मी हात फिरवून बघितला. लाट नव्हती. तुमच्या पाच टाक्यांत आणि त्याच्या नऊ टाक्यांत फरक मला कळतो, पण सांगणार नाही. मग मागचा कोपरा उरला. तिथे माझी रेघ होती, चार बोटांवर. भगवानने ग्राइंडर उचलला. मी म्हटलं, थांब.

हातोडी माझ्याच खिळ्यावर होती. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की ती तुम्ही तिथे का ठेवलीत. मी बारक्या टोकाने वाजवलं. या वेळी हळू, तुम्ही वाजवायचात तसं. चार बोटांवर थड. सहा बोटांवर थड. वर सरकत गेले. वितीवर आल्यावर टणकन बोललं.

मी माझी रेघ पदराने पुसली आणि वर मारली.

भगवान म्हणाला, "आता तं चार बोटा व्हती की. तुमचाच तुकरा जास्त जाईल."

"माजा तुकरा, मी बघीन. काप."

तुम्हाला माझी रेघ मान्य करायचा काही अधिकार नव्हता, युसुफभाई. भांडायला दोन माणसं लागतात. एकाने मधेच होय म्हटलं की दुसऱ्याला दोघांचं काम करावं लागतं. मी तिथे उभी राहून वितीच्या बाजूने भांडले आणि चार बोटांच्या बाजूने पण भांडले, आणि भगवान बघत राहिला, ही बाई कुणाशी बोलतेय म्हणून.

काल अँगल काढले. एकेक, सावकाश.  तुम्ही शेवटी नेहमी मलाच सांगायचात, "लाव, बाय," आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहायचात, कारण दरवाजा डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचा असतो असं तुमचं म्हणणं. मी दोन बोटं दरवाजाला लावली आणि पाठ फिरवली.

लागला. एकदाच, खट, जाड पुस्तक मिटल्यासारखा. जोशीकाकांनी परत उघडून परत लावला, परत खट. भगवानने कानामागचा खडू काढून माझ्या हातात दिला आणि भाभींना सांगायला गेला.

पाडव्याला काकाकाकू फिरायला जातील. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा चुंबक कुणाचं ते मी यापुढे खरं सांगेन. यात तुमच्यावर उपकार नाहीत, हिशोबाने होतंच ते. पण तो मागचा कोपरा. मी सगळ्यांसमोर सांगतेय, कळंबोलीत सांगेन, कामोठ्यात सांगेन, तुमच्या शेडसमोर उभी राहून सांगेन, तिथे चार बोटांत भागलं असतं.

या, आणि नाही म्हणा.